संस्थेचे नाव मोठे की मूल?

बदलापूरच्या रेल्वे स्थानकात २० ऑगस्ट २०२४ रोजी जो जनसमुदाय लोहमार्गावर उतरला, त्याची दृश्ये महाराष्ट्राच्या विस्मरणात गेलेली नाहीत. शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर शाळेच्याच आवारात, सफाईच्या कामावर नेमलेल्या तरुणाकडून अत्याचार झाल्याचा आरोप होता आणि तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले होते. त्या तरुणाचे पुढे काय झाले, याची चर्चा पुष्कळ झाली. दोन दिवसांनी, म्हणजे २२ ऑगस्टला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन या प्रकरणाची सुनावणी केली. त्या वेळी विचारला गेलेला एक प्रश्न मात्र त्या गदारोळात काहीसा मागे पडला. शाळेने पोलिसांना का कळवले नाही, आणि कळवले नाही म्हणून शाळेवर गुन्हा का दाखल झाला नाही, हा तो प्रश्न होय. शाळेच्या व्यवस्थापनावर त्यानंतरच त्या कलमाखाली कारवाई झाली.

या लेखात त्या तरुणाविषयी काही लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते तुमच्या-आमच्यासारख्या सुशिक्षित, सुस्थित आणि बहुधा सज्जन माणसांविषयी. मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, वसतिगृहाचा अधीक्षक, समुपदेशक, संस्थेचा कार्यवाह अशी ही मंडळी. मुलाच्या आईवडिलांच्या खालोखाल, आणि पुष्कळदा त्यांच्याही आधी, मुलाच्या अंगावरचा वळ किंवा वागण्यातला बदल यांच्या नजरेस पडतो. त्यांनी तो पाहिला आणि मनात पाल चुकचुकली, तर पुढे काय?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने २०१२ सालीच देऊन ठेवले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला सर्वजण ‘पॉक्सो’ म्हणतात, त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून अमलात आहे. त्याचे १९वे कलम सांगते की, असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे किंवा तो घडण्याची ज्याला आशंका आहे, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना खबर दिलीच पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यातून डॉक्टर सुटत नाही, शिक्षक सुटत नाही, आजोबाही सुटत नाहीत. २१वे कलम न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची किंवा दंडाची, वा दोहोंची, शिक्षा सांगते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर ही मर्यादा एक वर्षावर जाते. खबर नोंदवून घेण्यास टाळाटाळ करणारा पोलीस अधिकारीही याच कलमाच्या कक्षेत येतो, हे पालकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. आणि ज्याने सद्‌भावनेने खबर दिली, त्याच्यावर ती पुढे निराधार ठरली तरी दिवाणी वा फौजदारी कोणतेही दायित्व येत नाही, असे १९व्या कलमातच स्पष्ट लिहिले आहे.

कायदा इतका निःसंदिग्ध असताना माणसे गप्प का बसतात? भीती हे एक कारण आहेच. परंतु ज्या वर्गासाठी हे लिहीत आहे त्या वर्गात भीतीहूनही प्रबळ असे दुसरे कारण आहे, आणि ते वरकरणी मोठे उदात्त दिसते. संस्थेचे नाव! पन्नास-साठ वर्षे पोटाला चिमटा काढून कार्यकर्त्यांनी उभी केलेली शाळा, लोकांच्या धान्यावर आणि देणग्यांवर चाललेले वसतिगृह, समाजाने विश्वासाने हाती दिलेली मुले. असे असताना एका नराधमापायी सगळ्यांच्या कष्टांवर पाणी पडावे काय? मग अंतर्गत चौकशी होते. दोन ज्येष्ठ सदस्य संबंधिताला खोलीत बोलावून खडसावतात, तो रडतो, क्षमा मागतो, राजीनामा देतो. प्रकरण मिटले म्हणून सर्वांचा जीव भांड्यात पडतो. झाकली मूठ सव्वा लाखाची राहते. तो मात्र दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या वसतिगृहात, ‘पूर्वीचा दांडगा अनुभव’ सांगून रुजू झालेला असतो. कायद्याने अंतर्गत चौकशीला खबरीचा पर्याय कोठेही मानलेले नाही. चौकशी खुशाल करावी, परंतु पोलिसांना कळवल्यानंतर. आणि तीही आपल्या कर्मचाऱ्याच्या सेवेविषयी, मुलाच्या खरेपणाविषयी नव्हे.

संस्थेचे नाव हे किती भक्कम कवच असते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यात घडले आहे. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा गृहस्थ निराधार मुलांसाठी ‘गुरुकुल’ या नावाने वसतिगृह चालवीत असे. गावात त्याला परोपकारी म्हणून मान होता. १९९१ मध्ये त्याला अटक झाली तेव्हा मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे त्याच्याकडे सापडली. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ‘गुरुकुल’ या शब्दाला आपल्या मनात जे स्थान आहे, त्याचाच त्याने आडोसा केला होता. गोव्याने या अनुभवातून धडा घेऊन २००३ मध्ये स्वतंत्र बालक अधिनियम केला, म्हणजे पॉक्सोच्या नऊ वर्षे आधी. मुलांची अश्लील छायाचित्रे धुण्यासाठी आली तर ती कळवण्याचे बंधन त्या अधिनियमाने छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकांवर घातले. हॉटेलांवरही मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली. धंद्याच्या ओघात ज्याच्या दृष्टीस पडते, त्याने बोलले पाहिजे, हे तत्त्व आपल्या भागात असे प्रथम कायद्यात उतरले.

आता डॉक्टरांविषयी. या क्षेत्रात आधुनिक वैद्यकाला जाग आली तीच मुळी क्ष-किरणांमुळे. १९४६ मध्ये अमेरिकेतील जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने डोक्यात रक्तस्राव झालेल्या सहा तान्ह्या मुलांच्या लांब हाडांत तेवीस अस्थिभंग आढळल्याची नोंद केली. ते कशामुळे झाले असावेत, हे स्पष्ट शब्दांत म्हणण्यास मात्र वैद्यकशास्त्राला आणखी सोळा वर्षे लागली. १९६२ च्या जुलैमध्ये डेन्व्हरच्या हेन्री केंप या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ७१ रुग्णालयांनी त्यांना एका वर्षातील ३०२ मुलांची माहिती कळवली होती. त्यांपैकी ३३ दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. आईवडील आपल्या लेकराला असे मारू शकतील, हे मानण्यास डॉक्टरांचे मनच तयार नसते, असे केंपने त्यात नमूद केले. निबंधाचा परिणाम असा झाला की, पाचएक वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी डॉक्टरांवर खबर देण्याचे बंधन घालणारे कायदे केले.

केंपचे ते निरीक्षण आपल्याकडे आजही जसेच्या तसे लागू पडते. आपला कुटुंबवैद्य तर त्या घराचाच एक सभासद. आजीचा रक्तदाब, वडिलांचा मधुमेह आणि नातवाचा खोकला तोच पाहतो. लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसतो. अशा घरातील सहा महिन्यांचे मूल ‘पलंगावरून पडले’ म्हणून आणले जाते आणि त्याच्या कानामागे, मानेवर निळसर डाग दिसतात. जे मूल अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर मुका मार सहसा उमटत नाही, हे डॉक्टर शिकलेला असतो. पडल्याने कपाळाला, गुडघ्याला, कोपराला लागते. कान, मान, पोट, मांडीची आतली बाजू येथे सहजासहजी लागत नाही. दोरीच्या किंवा वायरच्या फटक्याचा वळ फासासारखा वळलेला असतो. गरम पाण्यात बुडवलेल्या पायाची भाजलेली कड मोज्यासारखी रेखीव असते. चुकून सांडलेल्या चहाचे शिंतोडे इतस्ततः उडतात. तान्ह्याच्या वरच्या ओठाच्या आतला पातळ पडदा फाटलेला असेल, तर कोणीतरी तोंडात जोराने काही कोंबले असण्याचा संभव असतो. आणि या सर्वांहून बोलकी असते ती हकिकत. आई एक सांगते, आजी दुसरे सांगते, उद्या विचारले तर तिसरेच निघते. किंवा हाड तीन दिवसांपूर्वी मोडलेले असते आणि मूल आज आणलेले असते.

येथे उतावीळपणाही उपयोगाचा नाही. आपल्याकडील बहुसंख्य तान्ह्या मुलांच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात आणि ते वाढत्या वयाबरोबर फिके होतात. परदेशी डॉक्टरांनी ते माराचे समजण्याची गल्लत केल्याचे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात आहेत. खेड्यापाड्यांत बिब्बा घातल्याने कातडी भाजते, तेव्हा तो छळ नसून अज्ञानातून केलेला उपचार असतो. परंतु मेळघाटात आजारी अर्भकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने जे चटके देतात, ज्याला ‘डंबा’ म्हणतात, त्याचे काय? हेतू माऊलीचाच असतो, आणि तरीही ती जखम जीव घेऊ शकते. असे मूल पाहणारा आरोग्यसेवक ‘त्यांची रीतच आहे’ म्हणून पुढे गेला, तर त्याने रीतीचा मान राखला असे म्हणता येणार नाही.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर शरीर पुष्कळदा काहीच सांगत नाही. अत्याचार झालेल्या बहुतांश मुलांची तपासणी पूर्णपणे सामान्य निघते, ही जगभरच्या बालरोगतज्ज्ञांना परिचित असलेली वस्तुस्थिती आहे. म्हणूनच ‘तपासणीत काही आढळले नाही, तेव्हा मुलगी खोटे बोलते’ हा निष्कर्ष वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचा ठरतो. तेथे बोलते ते मुलाचे वागणे. आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो, एका विशिष्ट तासाला, विशिष्ट खोलीत किंवा विशिष्ट ‘काकां’कडे जायचे म्हटले की पोटात दुखू लागते, वयाला न शोभणारे ज्ञान खेळातून, चित्रातून प्रकटते, हसरे मूल मुके होते. यांतील एकेक लक्षण दहा कारणांनी उद्‌भवू शकते. ती लक्षणे एकत्र दिसू लागली की सावध व्हावयाचे असते.

‘मुलगे’ असे मुद्दाम लिहिले. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि त्यांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून अधिक होती. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगते. पॉक्सोखालील बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. नातलग, शेजारी, शिकवणीचा मास्तर, कुटुंबाचा स्नेही. येथे कुंपणच शेत खाते. घर हेच मुलाचे सर्वांत सुरक्षित स्थान होय, हा आपला विश्वास बहुतेक घरांपुरता खराही आहे. जेथे तो खरा नाही, तेथील मुलाला मात्र या विश्वासामुळेच तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा लागतो. त्याच्यासाठी घराबाहेरचा शिक्षक आणि डॉक्टर हीच दोन दारे उरतात.

‘पण आमच्याकडे पुरावा कोठे आहे?’ हा शिक्षक आणि डॉक्टर या दोघांचाही ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून मिळते आणि ते दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. केरळमधील एका प्रकरणात प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांवर व रुग्णालय चालकांवर न कळवल्याचा आरोप होता. मुलीचे वय अठरा असल्याचे रुग्णालयात सांगण्यात आले होते. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. स्वतः तपास करून ज्ञान मिळवण्याचे ओझे कायदा कोणावर टाकत नाही, असे त्या निकालाने स्पष्ट केले. दुसरे प्रकरण आपल्याच राज्यातले, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे. एका शाळेच्या वसतिगृहातील वनवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट कळूनही त्याने कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. डॉक्टर दोषी की निर्दोष, हा प्रश्न खटल्याचा. न्यायालयाने सांगितले ते इतकेच की, तत्काळ आणि योग्य खबर देणे हा या कायद्याचा कणा आहे आणि ठाऊक असून ती न देणे हा गंभीर अपराध आहे.

दोन्ही निकालांचे तात्पर्य सामान्य भाषेत सांगायचे तर तपास हे पोलिसांचे काम, निवाडा हे न्यायालयाचे काम, आणि तुमच्यासमोर जे आले ते जसेच्या तसे पोचवणे हे तुमचे काम. आपल्या लोकांना हा सूर्य, हा जयद्रथ असे काही हाती असल्याविना तोंड उघडणे अन्यायाचे वाटते. न्यायबुद्धी म्हणून ती चांगलीच आहे, पण ती येथे अस्थानी आहे. ताप आलेल्या रुग्णाला क्षयाची शंका म्हणून थुंकीच्या तपासणीस पाठवणारा डॉक्टर त्याला क्षयरोगी ठरवत नसतो.

मूल सांगते ते कसे सांगते, हे ज्यांनी ऐकले नाही त्यांना त्याची कल्पना येत नाही. पहिलीतली मुलगी ‘माझ्यावर अत्याचार झाला’ असे म्हणत नसते. ती म्हणते, ‘बाई, मला त्या काकांचा खेळ आवडत नाही.’ किंवा, ‘शू करताना दुखतं.’ किंवा काहीच म्हणत नाही, मधल्या सुटीत बाईंच्या पदराशी घुटमळत राहते. या क्षणी बाई काय करतात, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. ‘शी! असं बोलू नये’ म्हटले की ते दार बंद झाले. ते पुन्हा उघडेल याची शाश्वती नाही. उलट, घाबरून प्रश्नांची सरबत्ती केली तरी अनर्थ होतो. ‘त्यांनी तुझी चड्डी काढली का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर बाईंच्या शब्दांत येते आणि पुढे न्यायालयात आरोपीचा वकील नेमके तेच दाखवून देतो. ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगायचंय?’ एवढेच विचारावे. ‘कोणाला सांगणार नाही हं’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मूल पुन्हा एकदा फसवले जाईल. तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझे काही चुकले नाही, आणि जे मदत करू शकतात त्यांना मी हे सांगणार आहे, इतके बोलावे. मग त्याच दिवशी, आठवणीवर न विसंबता, तारीख, वेळ आणि मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत कागदावर उतरवून खाली सही करावी. मुलाने अवयवाला घरातले लाडाचे नाव वापरले असेल तर तेच लिहावे. त्याचे शिष्ट मराठी करू नये.

मुलाला आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला समोरासमोर आणून ‘आता सांग पाहू’ म्हणण्याचा जो प्रकार मुख्याध्यापकांच्या खोल्यांतून चालतो, त्याला क्रौर्याखेरीज दुसरे नाव नाही. मूल अशा वेळी घाबरून शब्द फिरवते. पुष्कळ मुले सांगतात, मग नाकारतात, मग पुन्हा सांगतात. ही त्या दुःखाचीच रीत आहे, खोटेपणाची खूण नव्हे. संशय घरातल्याच माणसावर असेल, तर ‘पालकांना बोलावून घेतो’ हेही आंधळेपणाने करू नये. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका मतिमंद मुलीच्या प्रकरणात निर्देश दिले होते. शाळा, वसतिगृहे आणि रुग्णालये यांनी तत्काळ कळवावे, आणि अपराधी कुटुंबातला असेल तेथे आई किंवा घरातील अन्य स्त्रियांशी विचारविनिमय करून, मुलाचे हित सांभाळत पाऊल टाकावे, असे न्यायालयाने सांगितले.

आता आक्षेपांकडे वळू. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या मुलाचे हाल होतात, हा आक्षेप बदलापूरनंतर कोणी खोडून काढू शकणार नाही. तरीही कायद्यातले अधिकार ठाऊक असलेला एक शहाणा माणूस बरोबर असला की चित्र बदलते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. गुन्हा नोंदला गेला नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते. उपचारासाठी रुग्णालय कागद मागू शकत नाही आणि पैसेही मागू शकत नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावयाचे असते, आणि ही समिती मुलाच्या सोबतीला खटला संपेपर्यंत एक साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. साहाय्यक म्हणून काम करण्यास आपल्यातील निवृत्त शिक्षिका किती पुढे येतील?

खोट्या तक्रारींचा आक्षेप दुसरा. वैमनस्यातून, घटस्फोटाच्या भांडणातून या कायद्याचा दुरुपयोग होतो, हे मान्यच केले पाहिजे. न्यायालयांनीही ते वेळोवेळी म्हटले आहे. आकसाने खोटी खबर देणाऱ्याला २२व्या कलमात शिक्षा आहे, मुलाला मात्र त्यातून वगळले आहे. शिक्षकाला किंवा डॉक्टरला त्या भांडणात कोणताही स्वार्थ नसतो, आणि म्हणूनच त्याची नोंद दोन्ही पक्षांच्या आरडाओरड्याहून मोलाची ठरते. निरपराध्याचे रक्षणही तिच्याचमुळे होऊ शकते.

तिसरा आक्षेप मात्र खरोखरच विचारात पाडतो. सतरा वर्षांची मुलगी, एकोणीस वर्षांचा मुलगा, दोघांची संमती. मुलगी गर्भवती होऊन डॉक्टरकडे येते. कायदा अठराच्या आतली संमती मानत नाही, म्हणजे डॉक्टरने कळवलेच पाहिजे. परिणाम काय? कळेल या भीतीने अशी मुलगी भोंदूंकडे जाते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून एक वाट काढली. मुलीने व पालकाने विनंती केल्यास गर्भपातासाठी डॉक्टरने पोलिसांना देण्याच्या खबरीत तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा तोडगा पुरेसा आहे असे वाटत नाही. परंतु संमतिवयाचा वाद सुटेपर्यंत सहा वर्षांच्या मुलाविषयीचे मौन समर्थनीय ठरत नाही. दोन प्रश्नांची गल्लत सोयीस्कर म्हणून केली जाते.

आणि नॉर्वे? २०११ मध्ये तेथील बालकल्याण यंत्रणेने एका बंगाली दांपत्याची दोन मुले काढून घेतली, ती २०१२ च्या एप्रिलमध्ये भारतात परतली, तेव्हा आपल्या घराघरांत संताप होता, आणि तो अस्थानी नव्हता. हाताने भरवणे, मुलाला कुशीत घेऊन निजणे हे जेथे संशयास्पद वाटते, तेथील शहाणपण आपल्याला नको. पण त्या प्रकरणात दोष होता तो परक्या संस्कृतीविषयीच्या अज्ञानाचा आणि यंत्रणेच्या अमर्याद अधिकाराचा. आपल्याकडे खबर देणारा मूल काढून घेत नाही आणि पोलीसही ते कायमचे काढून घेऊ शकत नाहीत. मूल कोठे राहील, याचा विचार बालकल्याण समिती करते, आणि कुटुंब हेच मुलाचे पहिले स्थान, हे बाल न्याय अधिनियमाचेही सूत्र आहे.

याच अधिनियमाचे, म्हणजे २०१५ च्या, ७५वे कलम सांभाळ करणाऱ्याने मुलाशी केलेल्या क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. लैंगिक अपराधांबाबत आहे तसे, प्रत्येकाने कळवलेच पाहिजे, असे बंधन मारहाणीबाबत मात्र नाही. ही आपल्या कायद्यातील मोठी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकार चालवते आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. त्यावर कोणीही, केव्हाही कळवू शकते.

आमच्या व्यवसायाविषयीही दोन शब्द. पॉक्सोचे २०वे कलम माध्यमांतील माणसांवरही खबर देण्याचे बंधन घालते. मुलाच्या शोषणाची चित्रे वा मजकूर हाती आला तर आधी पोलीस, मग बातमी. २३वे कलम मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार, ज्यावरून ओळख पटेल असे काहीही छापण्यास मनाई करते. तरीही ‘अमुक चाळीत राहणाऱ्या, अमुक शाळेत तिसरीत शिकणाऱ्या’ अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत आजही वाचायला मिळतात आणि त्या मुलीला घर बदलावे लागते.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेला तीन गोष्टी सांगितल्या आहेत. कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी, बालसंरक्षणाचे लेखी धोरण, आणि कर्मचाऱ्यांचे ठरावीक काळाने प्रशिक्षण. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी कार्यकारिणीच्या बैठका होतील. इमारत निधी, शंभर टक्के निकाल, स्नेहसंमेलन हे विषय असतीलच. त्यांच्या आधी हा विषय घ्यावा. खबर कोणी द्यावयाची, ती व्यक्ती गावात नसेल तर कोणी, आणि संशय कार्यवाहांवर किंवा मुख्याध्यापकांवरच असेल तर कोणी, हे नावानिशी ठरवावे. उन्हाळी शिबिराला सोबत जाणाऱ्या स्वयंसेवकांनाही तोच नियम लावावा; ‘तो आपल्या घरातलाच आहे’ ही पडताळणी नव्हे. आणि ठरावाची प्रत फाइलीत न ठेवता शिपाई, मावशी आणि व्हॅनचे चालक जेथे डबा खातात, त्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत लावावी.